बिनबुडाची टोपली आणि पितरांचे पान

मी एक जुनी टोपली आहे आणि मला बूड नाही. हसू नका मित्रांनो, बूड नाही म्हणूनच मी कामाची होते. वर अरुंद, खाली रुंद, दोन्हीकडून उघडी. उथळ पाण्यात मला दाणकन चिखलात रोवायचे आणि आत काही धडपडले की वरून हात घालून ते धरायचे, एवढाच माझा धंदा. आमच्या ख्मेर मुलखात तळ्याकाठच्या प्रत्येक घरी माझ्यासारखी एक तरी टोपली खुंटीला असते. सध्या मात्र मी खुंटीवर नाही. आमचे घर उंच लाकडी खांबांवर उभे आहे. त्याच्याखालच्या सावलीत मला ठेवले आहे आणि माझ्या आत एक खुडूक कोंबडी कोंडली आहे. ती दिवसभर कुरकुरते आणि माझ्या कामट्यांवर शिटते. मला तिची किळस येते. खरे सांगायचे तर मला पुष्कळ गोष्टींची किळस येते, आणि माझी गोष्ट बहुतेक किळसेचीच आहे. तेव्हा जेवता जेवता वाचू नका.

मला खोनने बनवले. खोन हा त्रापेंग रुसै गावातला सडपातळ, फार हळू बोलणारा माणूस. शेजारची पोवमावशी म्हणायची, की याला सकाळी काही विचारावे, शेतावर जाऊन यावे, तोवर उत्तर तयार होते. त्याचे कामही तसेच होते. बांबू त्याने कोरड्या दिवसांत तोडला, कारण तेव्हा त्यात रस कमी असतो आणि रस कमी असला की कीड कमी लागते. मग तो तळ्याच्या गाळात पुरून ठेवला, उरलासुरला गोडवा पाण्यात निघून जावा म्हणून. म्हणजे माझ्या आयुष्याची सुरुवातच कुजक्या गाळात झाली. तिथून मला काढले ते चुलीच्या वर टांगले. धुराने मी काळवंडले, खोकता येत असते तर खोकले असते. शेवटी त्याने कामट्या काढल्या, त्यांच्या कडा सुरीने तासल्या आणि वेताने त्या गोल बांधल्या. बांधताना तो दोन कामट्यांच्या मधे आपली दोन बोटे घालून पाहायचा. बोटे सहज गेली तरच गाठ मारायचा. त्याची लेक थावी तेव्हा लहान होती. एवढी फट ठेवली तर छोटे मासे पळून जातील, असे ती म्हणाली. खोनने बराच वेळ विचार केला आणि मग सांगितले, की पळू देत, नाहीतर पुढच्या वर्षी कुणाला धरणार?

माझी उमेदीची वर्षे तळ्यात गेली. पाऊस संपून शेते वाळली, तळ्याचे पाणी मांडीपर्यंत उतरले, की एक दिवस ठरवून सगळे गाव एकदम पाण्यात उतरते. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत माणसांची रांग लागते आणि रांग पुढे सरकते ती टोपल्या रोवत रोवत. जाळे चालत नाही, गळ चालत नाही. टोपली, सूप आणि हात, बस.

तुम्हाला हे वर्णन ऐकून छान वाटत असेल. मला कधीच वाटले नाही. शेकडो पाय गाळ ढवळतात तेव्हा तळाशी कुजलेली कमळाची मुळे वर येतात आणि त्यांचा वास सडक्या अंड्यासारखा असतो. माझ्या कामट्यांना जळवा चिकटायच्या. मांगूर सापडला तर त्याचा बुळबुळीत चिकटा माझ्या आतल्या बाजूला दिवसभर राहायचा. रांगेतले लोक गात, एकमेकांवर चिखल उडवत, नाक शिंकरत आणि तोच हात माझ्यात घालत. एकदा खोनने मरळ समजून पाणसाप धरला. सगळे तळे हसले. साप बिचारा जीव घेऊन पळाला आणि जाता जाता माझ्यातच हगून गेला.

आणि घरी आल्यावर प्राहोक. मिठात मुरवलेल्या माशाला आमच्याकडे प्राहोक म्हणतात, आणि तो नसेल त्या घराला घर म्हणत नाहीत. मासे साफ करायचे, तुडवायचे, उन्हात ठेवायचे, मिठात कालवायचे आणि रांजणात दाबून महिनोन्महिने ठेवायचे. आमचा रांजण माझ्या खुंटीच्या बरोबर खाली होता. झाकण उघडले की जो भपकारा यायचा त्याला वास म्हणणे हा वासाचा अपमान आहे. घरातली माणसे मात्र तो आला की डोळे मिटून खोल श्वास घ्यायची. खोन तर म्हणायचा, की मेल्यावर मला दुसरे काही नको, भातावर एवढेसे ठेवा.

असे बोलू नये. माणसे खरेच मरतात.

ऐन पावसाळ्यात खोनला ताप आला. तो उतरेना. तालुक्याच्या दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या चालू होत्या आणि मिरची, खारट काही देऊ नका असे सांगितले होते. शेवटच्या दिवसांत खोनने बायकोकडे, न्हेमकडे, प्राहोक आणि भात मागितला. न्हेमने दिला नाही. बरे वाटले की देते, म्हणाली. त्याने नेहमीप्रमाणे थांबून विचार केला आणि उत्तर द्यायच्या आधीच तो गेला.

हे मी खुंटीवरून पाहिले आहे. पुढचे तुम्हाला नीट कळावे म्हणून एक सांगते. आमच्याकडे समजूत आहे, की जो भुकेला जातो त्याचे भूत होते. पोट मोठे आणि तोंड सुईच्या नाकाएवढे. ते पितरांच्या पंधरवड्यात विहारा-विहारांतून फिरते आणि आपल्या माणसांनी आणलेले अन्न शोधते. न्हेमच्या मनात तेच बसले. आपण नवऱ्याला भुकेला पाठवला. आता एकच उपाय होता. पुढच्या वर्षीच्या पितरांच्या पंधरवड्यात, ज्याला आम्ही प्चुम बेन म्हणतो, त्याच्यापुढे त्याने मागितलेला प्राहोक ठेवायचा. तोही कुठला नव्हे, आमच्या तळ्याच्या माशाचा.

आणि त्यासाठी आमच्या गावाची रीत तिच्या बाजूची होती. ज्या घरातले माणूस वर्षात गेले असेल त्या घराची टोपली तळ्यात पहिली उतरते. पहिला मासा तळ्याच्या राखणदार दैवताला, दुसरा मिठात, गेलेल्या माणसासाठी. त्या घराच्या टोपलीला मासा लागला की समजायचे, वरचे माणूस सुखात आहे. म्हणजे त्या वर्षी पहिली मी. न्हेमने मला खाली काढले, वेताच्या सैल गाठी आवळल्या, आणि कितीतरी वेळ माझ्या कामट्यांवरून ओले फडके फिरवत बसली. मला स्वच्छ वाटले. असे क्वचितच होते.

आता जावयाबद्दल सांगायला हवे. त्याचे नाव रुन. आमच्याकडे जावई सासरी राहतो, त्यात कुणाला वावगे वाटत नाही. रुन हसरा होता, गोड बोलायचा, थावीला हसवायचा. फक्त त्याला चिखलात पाय घालायला आवडत नसे. एवढ्या एका बाबतीत आमचे जमायचे. मासे धरायच्या दिवशी तो काठावर उभा राहून इतरांना सूचना द्यायचा आणि पोवमावशी त्याला ‘आमचे साहेब’ म्हणायची.

मासेमारीच्या काही दिवस आधी शेजारच्या गावात मोठे लग्न होते. सगळे गाव तिकडे गेले. रुनचे पोट दुखत होते म्हणून तो घरी राहिला. लोक वळणाआड गेले आणि त्याचे पोट बरे झाले. त्याने पोत्यांच्या ढिगाखालून एक मोटारीची बॅटरी काढली, वायरी काढल्या, टोकाला लोखंड बसवलेले दोन बांबू काढले. मग वर पाहिले आणि मला खुंटीवरून काढले.

त्याने माझ्यात खताचे रिकामे पोते कोंबले. म्हणजे मला बूड केले. मित्रांनो, मला चिखलाची किळस येते, पण त्या दिवशी जे माझ्यात पडले त्याने मला जे वाटले त्याला मी अजून शब्द शोधते आहे. वीज पाण्यातून गेली की माशाचे सगळे अंग एका क्षणात आखडते. इतक्या जोरात, की त्याच्याच स्नायूंनी त्याचा कणा मोडतो. मासा लढत नाही, उडी मारत नाही. नुसता कूस बदलल्यासारखा पांढरे पोट वर करून तरंगतो. रुन गुडघाभर रबरी बूट घालून तळ्याच्या कडेने चालत होता आणि सुपाने मासे उचलून माझ्यात टाकत होता. मरळ आले, मांगूर आले, पोटात अंडी भरलेल्या माद्या आल्या, आणि बोटभर पिल्ले आली, जी आयुष्यात कधी माझ्यात थांबली नव्हती. पिल्लांचे डोळे मिटत नाहीत. ती माझ्या आत थरावर थर पडून राहिली. सगळे तळे इतके शांत होते, की त्याचे तोंडातल्या तोंडात गुणगुणणे मला ऐकू येत होते.

लोक लग्नाहून परतले तेव्हा रुन घरामागे बसून मासे साफ करत होता. डोकी कापून, पोटे काढून, मीठ लावून. ज्याने कधी माशाच्या पोटाला बोट लावले नव्हते तो! मोठ्या सरोवरावरून माल घेऊन एक गाडीवाला आला होता, असे त्याने सांगितले. आईच्या डोक्याला ताप नको म्हणून रांजण भरून टाकला, पितरांना लागेलच, असेही सांगितले. न्हेमने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. जावई असावा तर असा, असे शेजारच्या बायका म्हणाल्या. तोच चिकट हात त्याने चौकडीच्या पंच्याला पुसला आणि हसला.

दोन दिवसांनी तळ्यात काही मेलेले मासे फुगून वर आले. उन्हाने पाणी तापले, असे लोकांनी ठरवले.

मग तो दिवस आला. काठावरच्या झाडाखाली राखणदाराची छोटी लाकडी झोपडी आहे. विहारातले विधी सांगणारे ल्यांगकाका तिथे बसले. उकडलेली कोंबडी, केळी, भाताची दारू, शिवाय राखणदाराला आवडते म्हणून पेटवलेली एक सिगारेट. ल्यांगकाकांनी त्याला गावातल्या बातम्या सांगितल्या, कोण जन्मले, कोण गेले, आणि मासे मागितले. सिगारेट जळून संपली तसा त्यांनी हात वर केला. सगळे गाव काठावर टोपल्या घेऊन उभे होते. न्हेम एकटी मला घेऊन पाण्यात उतरली.

तिने मला रोवले. दोन्ही तळवे माझ्या कडेवर ठेवून वाट पाहिली. आत मासा असला तर कामट्यांवर धडका बसतात, हाताला कळते. काही बसले नाही. तिने मला उचलले, पाऊल पुढे टाकले, पुन्हा रोवले. पुन्हा काही नाही. पहिल्यांदा लोक चेष्टा करत होते. आजी, जरा हळू, मासे घाबरले, असे कुणी म्हणाले. मग चेष्टा थांबली. ती तळ्याच्या मध्यापर्यंत गेली, कडेला कमळांमध्ये गेली, परत आली. आता ती मला नेम न धरता, नुसती जोराने रोवत होती आणि तो दणका माझ्या प्रत्येक कामटीत येत होता. मला माहीत होते की आत काही नाही. का नाही, तेही मला माहीत होते. मी नुसती बांबूची, मी काय करणार?

काठावरून पोवमावशी म्हणाली, आणि हळू बोलणे तिला कधी जमलेच नाही, “खोनभाऊ काही खूश नाहीत बाई.”

रुन पुढे आला. चेहरा अगदी गंभीर. त्याने न्हेमला हाताला धरून पाण्याबाहेर आणले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “आई, मनाला लावून घेऊ नकोस. बाबांचा राग आहे, तो काढायला पाहिजे. मी डुकराचं डोकं आणतो. राखणदारापुढे ठेवू, बाबांपुढे ठेवू. माझ्याकडून होईल तेवढं मी करीन.”

लोकांनी माना डोलावल्या. मित्रांनो, माझ्या अंगावर त्या क्षणी दोन जळवा होत्या. त्या मला सोयऱ्यांसारख्या वाटल्या.

गावानेही नंतर रांग लावली. बहुतेकांना काही मिळाले नाही. तळे रुसले, असे लोक म्हणाले, आणि म्हणताना आमच्या घराकडे बघत. न्हेमने त्यानंतर पोटभर जेवणे सोडले. तिच्या ताटातला निम्मा भात ती केळीच्या पानावर काढून कुंपणाशी ठेवायची. मुंग्या यायच्या, कावळे यायचे, आमचेच कुत्रे यायचे. ती लांब उभी राहून हात जोडायची. पाऊस सुरू झाला तोवर तिच्या मनगटावरचा लाल दोरा सैल होऊन कोपरापर्यंत सरकायला लागला होता. थावी ओरडायची, रागवायची, रडायची. न्हेमचे एकच म्हणणे, की त्यांना मिळत नाही तर मला कसे गिळेल?

भादव्यासारखे ते ओले दिवस आले आणि पितरांचा पंधरवडा सुरू झाला. विहारात रोज एकेका गटाची पाळी. शेवटचा दिवस सगळ्यांचा. त्याच्या आदल्या सकाळी थावीने रांजणाचे झाकण काढले. भपकारा आला. मी नेहमीप्रमाणे मनातल्या मनात नाक मुरडले. बापाच्या पानासाठी चांगला अख्खा मरळ काढावा म्हणून तिने हात खोल घातला. एक काढला, पाटावर ठेवला आणि काटा वेगळा करायला सुरी लावली. काटा मधोमध मोडलेला होता आणि मोडल्या जागी काळ्या रक्ताची गाठ होती. तिने तो बाजूला ठेवला. दुसरा काढला. तिसरा. मग तिने बाही वर सारली आणि पार तळापर्यंत हात घातला. तळाशी बोटभर पिल्ले होती, मिठात पांढरी पडलेली.

एका माशाचा कणा मोडला तर काठी बसली म्हणता येते. सगळ्यांचे, आणि सगळ्यांचे सारख्याच जागी? विजेने मारलेला मासा असाच मोडतो, हे तळ्याकाठी वाढलेल्या थावीला ठाऊक होते. हातावरून खारट पाणी कोपरापर्यंत ओघळत होते, ते तिने पुसले नाही. रुन झोपाळ्यात पडून मोबाइल बघत होता.

“गाडीवाला कुठला होता?” तिने विचारले.

“कुठला गाडीवाला?”

“लग्नाच्या दिवशी आला होता तो.”

“मला काय ठाऊक? सरोवराकडचा. का गं, खराब निघाला का माल?”

“अहो, बॅटरी कुठंय?”

झोपाळा थांबला. रुनने आधी हसून पाहिले. मग म्हणाला, की सगळेच करतात, पलीकडच्या गावात तर पोलीसपाटलाचा भाऊ करतो. मग म्हणाला, की एवढ्या उन्हात म्हाताऱ्या बाईने चिखलात कशाला उतरायचे, घरात रांजणभर मासे असताना? शेवटी तो थोडा चिडला. “आणि मी एकट्याने खाल्ले का? बाबांसाठीच केलं ना? तळ्यातलाच मासा पाहिजे होता, तळ्यातलाच आहे.”

“मग त्या दिवशी काठावर बोललास का नाही?” थावी म्हणाली. तिला नवऱ्याशी एकेरी बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

“काय बोलणार? सगळं गाव उभं होतं.”

जिन्याच्या वरच्या पायरीवर न्हेम उभी होती. तिने सगळे ऐकले होते. मला वाटले, आता ही कोसळणार. ती एकेक पायरी उतरून खाली आली, रांजणात डोकावली, पाटावरचे मासे पाहिले.

“म्हणजे त्या दिवशी तळ्यात मासा नव्हताच,” ती म्हणाली.

तिने पाटावरचा एक मोडका काटा उचलून पाहिला.

“म्हणजे ते रागावले नव्हते.”

ती चुलीपाशी गेली, भांड्यातला भात स्वतःला वाढून घेतला, वर नुसते मीठ भुरभुरले आणि उकिडवी बसून सगळा खाल्ला. मग आणखी घेतला. थावी तिच्याकडे बघत रडत होती. जेवण झाल्यावर न्हेमने हात धुतले आणि जावयाला सांगितले, “ते झाकण लावून ठेव. टाकायचं नाही. जीव गेलेत त्याच्यात. पितरांचं तोंड सुईएवढं, त्यांच्या घशाखाली हे मोडके काटे जायचे नाहीत. तुझं तोंड मोठं आहे. रांजण संपेपर्यंत तुझ्या पानात मी रोज वाढीन.”

“आई, घरातली गोष्ट घरात ठेव,” रुन म्हणाला. “विहारात बोलू नकोस. उद्या सगळे असणार.”

“बघू,” न्हेम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पांढरी चोळी घातली, खांद्यावरून पांढरा पदर घेतला, एका वाडग्यात भात घेतला आणि मला खुंटीवरून काढले. थावीला वाटले, आईचे डोके फिरले. विहारात मासे धरायची टोपली? पण न्हेमने मला काखोटीला मारले आणि ती चालू लागली.

मी त्याआधी विहार कधी पाहिला नव्हता. सगळ्या गावाची माणसे चटयांवर बसली होती, पुढे भिक्खूंची ओळ, आणि मधे नुसते अन्नच अन्न. तिळाचे पिंड, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात, रस्से, फळे. उदबत्त्या, घाम, प्राहोक, ओले कपडे यांचा एकच वास झाला होता आणि माशा सुखात होत्या. माझ्या कामट्यांच्या फटींत अजून वाळलेला गाळ होता. एका बाईने आपला पदर माझ्यापासून सावरला. तिची चूक नव्हती.

“न्हेमताई, इथं काय धरणार? भन्तेंना?” पोवमावशी म्हणाली आणि बायका हसल्या.

न्हेमने मला चटईवर उभे केले आणि वरच्या तोंडातून हात घालून भाताचा वाडगा माझ्या आत ठेवला. मग हात जोडून बसली. ल्यांगकाका गेलेल्यांची नावे पुकारत होते. प्रत्येक नावाला त्या घरातले लोक आपले ताट पुढे सरकवत. खोनचे नाव आले. न्हेम जागची हलली नाही. ती माझ्यावर वाकली आणि अगदी साध्या आवाजात, शेतावरून आलेल्या माणसाशी बोलावे तशी बोलली.

“अहो, मासा नाही. तुम्ही रागावलात म्हणून नाही असं मला वाटलं होतं, गावालाही वाटलं. तसं नव्हतं. आपल्या रुनने लग्नाच्या दिवशी तळ्यात वीज सोडली, पिल्लांसकट सगळं मारलं आणि मला पाण्यात उतरू दिलं. नुसता भात आणलाय. ही तुमचीच टोपली. हात कुठून घालायचा तुम्हाला माहितीय. खा.”

इतकी शांतता मी फक्त वीज सोडली त्या दिवशी तळ्यावर ऐकली होती. ल्यांगकाका पुढचे नाव वाचायचे विसरले. मागच्या ओळीत रुन बसला होता. तो चटईच्या दोऱ्याकडे बघत होता आणि त्याच्या शेजारची माणसे थोडी थोडी सरकत होती, जशी आपण वास आला की सरकतो.

पोवमावशी उठली. जाड बाई, उठायला तिला वेळ लागतो. आपल्या ताटातली छोटी वाटी घेऊन ती आली, न्हेमकडे न बघता माझ्या तोंडातून हात आत घातला आणि भातावर प्राहोकचा एक गोळा ठेवला. “जुना आहे,” ती म्हणाली. “तळं जिवंत होतं तेव्हाचा. तुझ्या नवऱ्यानेच धरून दिलेला.”

तो सडका, खारट, मेलेल्या माशाचा भपकारा माझ्या आत भरला, कामटी कामटीत मुरला. माझी ओकारी निघायची तेवढी राहिली. मी हललेसुद्धा नाही.

मित्रांनो, आता पुराचे पाणी तळ्यात शिरले आहे. नदीतून थोडी मासळी येईल, ती वाढेल का ते कुणी सांगू शकत नाही. बॅटरी ल्यांगकाकांनी विहारात नेऊन ठेवली आहे. रुन रोज रांजणातले खातो. पहिले काही दिवस चवीने खात होता. आता काटा जिभेला लागला की ताटावरून उठतो, आणि न्हेम त्याला परत बसवते. मला त्याची दया येत नाही. मी काही चांगली टोपली नाही. मला अजून सगळ्याचीच किळस येते, गाळाची, जळवांची, नाक शिंकरलेल्या हातांची. पण ही घाण पाण्याने धुऊन जाते. पोते घालून मला जे बूड केले होते ते काढून किती दिवस झाले, तरी ती पिल्ले आत असल्यासारखी वाटतात.

तुमच्या गावात असे पाणी असेल तर त्याला जपा. त्यात उतरा, माखा, रिकाम्या हाताने परत या, हरकत नाही. फक्त सगळे एकदम उचलून आणणाऱ्याला शाबासकी देऊ नका. आणि तो तुमच्याच घरचा असला, गोड बोलणारा असला, म्हणून गप्प बसू नका. मी सगळे पाहत होते आणि मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.